दूरस्थ सभा आणि सभासदाचा अधिकार

सप्टेंबर महिना संपत आला की महाराष्ट्रातील शहरांत एक वार्षिक विधी पार पडतो. इमारतीच्या गच्चीवर, वाहनतळात किंवा जवळच्या शाळेच्या वर्गात खुर्च्या मांडल्या जातात आणि सभेची वेळ झाली तरी सात-आठ डोकीच जमलेली असतात. मग घड्याळाकडे पाहत अर्धा तास काढावयाचा, गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्याचे अध्यक्षांनी जाहीर करावयाचे आणि त्याच खुर्च्यांवर बसून तीच सभा पुन्हा सुरू करावयाची. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. त्यामुळे हिशेब मंजूर होतात, लेखापरीक्षकाची नेमणूक होते, देखभाल खर्च वाढतो, आणि ज्यांनी तोंडही उघडले नाही त्यांच्यासह, किंबहुना जे आलेच नाहीत त्यांच्यासह, सर्वांच्या नावे इतिवृत्तात ‘सर्वानुमते संमत’ असे शब्द उमटतात.

यात बेकायदेशीर काही नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनीच, म्हणजे जुन्या भाषेतील पोटनियमांनीच, हा मार्ग आखून दिला आहे. वित्तीय वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा झाली पाहिजे, तिची पूर्ण चौदा दिवसांची सूचना दिली पाहिजे, आणि एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा वीस, यांतील जी संख्या कमी असेल तेवढे सभासद हजर असले पाहिजेत. ‘यांतील कमी’ हे शब्द वाचताना डोळ्यांखालून सहज निसटतात. पण साठ घरांच्या संस्थेला वीस पुरतात, सहाशे घरांच्या संकुलालाही वीसच पुरतात, आणि वीसांतील अकरांचा होकार म्हणजे संस्थेचा निर्णय ठरतो. तहकुबीनंतर तर वीसांचीही गरज उरत नाही.

मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, तेव्हापासून या चळवळीने एक गोष्ट गृहीत धरली होती. जो सभासद आहे तो तेथेच राहतो, आणि सभेला यायचे म्हणजे त्याला फार तर दोन जिने उतरायचे असतात. हे गृहीतक आता ढासळले आहे. मुंबई, ठाणे, पुण्याच्या इमारतींतील कितीतरी घरांचे मालक आज दुसऱ्या उपनगरात, दुसऱ्या राज्यात किंवा परदेशात असतात. घर भाड्याने दिलेले असते, बिनभोगवटा शुल्क नियमाने भरले जात असते आणि सभासद म्हणून त्यांचा संबंध उरतो तो देयकापुरता. दुसऱ्या बाजूला, जे तेथेच राहतात त्यांच्यातही सत्तरी ओलांडलेली, उद्वाहक बंद पडला की चौथ्या मजल्यावरून खाली उतरू न शकणारी माणसे आहेत. दोन्ही प्रकारच्या सभासदांना सभा दुरावली आहे. एकाला सातासमुद्रांमुळे, दुसऱ्याला साठ पायऱ्यांमुळे.

२०२० च्या महासाथीने ही कोंडी अनपेक्षितपणे फोडली. जमाव बंद झाला तेव्हा शासनाने प्रथम वार्षिक सभांची मुदत वाढविली. मग २०२१ मध्ये लहान संस्थांनी, म्हणजे पन्नासपर्यंत सभासद असलेल्यांनी, अंतर राखून प्रत्यक्ष सभा घ्याव्यात आणि त्याहून मोठ्या संस्थांनी दृक्श्राव्य माध्यमाचा अवलंब करावा अशी सोय सहकार खात्याने केली. सक्तीपोटी आलेली ही पद्धत अनेकांना सोयीची वाटली. साथ ओसरल्यावरही ‘सभा पडद्यावरच घ्या’ अशी मागणी ठिकठिकाणी होत राहिली, आणि २०२५ साली राज्य शासनाने गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध केला तेव्हा त्यात दूरस्थ उपस्थितीला स्थान मिळाले. ही दिशा योग्यच आहे. परंतु नियमांत ‘दृक्श्राव्य माध्यमाद्वारे उपस्थित’ एवढे शब्द घालून काम संपत नाही. खरे काम तेथून सुरू होते. कारण सभेला उपस्थित असणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आजवर कोणाला पडलाच नव्हता.

सहकाराचे मूलभूत तत्त्व असे की एका सभासदाला एक मत, आणि ते त्याने जातीने द्यायचे. कंपनीच्या भागधारकाप्रमाणे आपल्या वतीने दुसऱ्याच्या हाती अधिकारपत्र देऊन पाठविण्याची मुभा येथे नाही. मूळ सभासद गैरहजर असल्यास त्याच्या लेखी संमतीने सहयोगी सभासदाला मत देता येते, इतकाच काय तो अपवाद. आता पडद्यावर एक काळा चौकोन दिसतो आणि त्याखाली सदनिकेचा क्रमांक असतो. त्यामागे सभासद आहे, की त्याचा मुलगा, की भाडेकरू, की घराचे व्यवहार पाहणारा दलाल? गच्चीवरील सभेत सचिव चेहरा पाहून विचारतो, ‘आई नाही आल्या?’ आणि मुलाला मागच्या रांगेत बसावे लागते. काळ्या चौकोनाला असे कोण विचारणार? म्हणून आरंभीच नावानिशी हजेरी, चेहरा दिसण्याची अट आणि मतदानाच्या वेळी पुन्हा नाव पुकारणे, या तीन गोष्टी नियमांतच असावयास हव्यात. त्या तापदायक वाटतील. शंभर नावे पुकारायला वेळ लागेल हेही खरे. पण जातीने मत देण्याच्या तत्त्वाला पडद्यावर दुसरा आधार नाही.

ओळखीचा प्रश्न निदान सुटण्यासारखा आहे. आवाजाचा प्रश्न अधिक अवघड आहे आणि त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही.

प्रत्यक्ष सभेत अध्यक्षाला बरेच अधिकार असतात. तो एखाद्याला ‘बसा’ म्हणू शकतो, विषयांतर थांबवू शकतो, वेळ संपल्याचे सांगू शकतो. परंतु बसविलेल्या सभासदाचे शब्द सभागृहात पोहोचून गेलेले असतात. शेजारच्या खुर्चीवरील माणूस ते ऐकतो, मान हलवितो, मागून कोणी तरी ‘त्यांना बोलू द्या’ असे म्हणतो आणि पाहता पाहता एकाचे चार होतात. चहाच्या वेळी जिन्यापाशी दोघे कुजबुजतात आणि परत येऊन दुरुस्ती सुचवितात. अल्पमताचे बहुमत होण्याची जी काही शक्यता लोकशाहीत असते ती या कुजबुजीत असते. पडद्यावरील सभेत सूत्रचालकाने एक कळ दाबली की सभासद बोलत राहतो आणि ते कोणालाही ऐकू जात नाही. आपण मुके झालो आहोत हे बऱ्याचदा त्याला स्वतःलाही कळत नाही. लेखी संदेशाची सोय बंद केली की शेजाऱ्याशी बोलण्याचा मार्गही बंद होतो. प्रत्येक जण आपल्या चौकोनात एकटा उरतो आणि सर्वांना जोडणारा एकमेव धागा सूत्रचालकाच्या हाती असतो. प्रतीक्षाकक्षाचे दार उघडणे त्याच्याच हाती, आणि एखाद्याला सभेबाहेर काढणेही त्याच्याच हाती. हे सूत्रचालक कोण असतात? बहुधा सचिव, आणि सचिवांना यंत्राची सवय नसेल तर महाविद्यालयात शिकणारे त्यांचे चिरंजीव. उपविधींत ज्याचे नावही नाही अशा व्यक्तीच्या हाती सभेचे दार आणि सभेचा आवाज दोन्ही जातात. असा अधिकार यापूर्वी कोणत्याही अध्यक्षाला कोणत्याही कायद्याने दिलेला नव्हता.

हे सारे देखभाल खर्चाच्या वाढीपुरते असते तर फारसे बिघडले नसते. पण गृहनिर्माण संस्थेच्या सभेत आता माणसाच्या आयुष्याची कमाई पणाला लागते. जुन्या इमारतींचा पुनर्विकास हा शहरांतील मध्यमवर्गाच्या जीवनातील सर्वांत मोठा आर्थिक निर्णय झाला आहे. निवृत्त शिक्षकाचे चारशे चौरस फुटांचे घर ही त्याची एकुलती एक मालमत्ता असते. ते रिकामे करून विकासकाच्या स्वाधीन करायचे, भाड्याच्या घरात जायचे आणि नव्या इमारतीची वाट पाहायची, हा निर्णय तो एकटा घेत नाही, सभा घेते. संस्थेत सामील झालेल्या सभासदाला वैध बहुमताने घेतलेला निर्णय बांधील असतो, विरोधी अल्पमताला त्यात अडसर घालता येत नाही, हे सूत्र मुंबई उच्च न्यायालयाने पुनर्विकासाच्या प्रकरणांत वारंवार मांडले आहे. ते सूत्र व्यवहार्य आहे. एका हटवादी सभासदापायी साठ कुटुंबांनी मोडकळीस आलेल्या इमारतीत राहावे असे कोणी म्हणणार नाही. पण त्याचा अर्थही ध्यानात घ्यावयास हवा. सभेनंतर अल्पमताला फारसा आश्रय नाही, म्हणजे त्याला जे काही सांगायचे ते सांगण्याची जागा सभा हीच. तेथे त्याचा आवाज बंद झाला तर तो कायमचाच बंद झाला.

शासनाला याची जाणीव नाही असे नाही. पुनर्विकासाबाबतच्या ३ जानेवारी २००९ च्या निर्देशांत विशेष सभेला तीन चतुर्थांश सभासदांची उपस्थिती मागितली होती. ४ जुलै २०१९ च्या शासननिर्णयाने ती दोन तृतीयांशांवर आणली, मात्र निर्णयासाठी एकूण सभासदांपैकी एक्कावन्न टक्क्यांची संमती आवश्यक केली. साठ घरांच्या संस्थेत याचा अर्थ चाळीस जण हजर आणि एकतीस जण अनुकूल. अर्ध्या तासात तहकूब सभा भरविण्याची पळवाटही तेथे ठेवलेली नाही. शिवाय अशा सभेचे चित्रीकरण करावयास सांगितले आहे आणि विकासकाच्या निवडीच्या सभेला निबंधकांचा प्राधिकृत अधिकारी हजर असावा असेही म्हटले आहे. न्यायालयांनी हे निर्देश मार्गदर्शक मानले, बंधनकारक नव्हेत, हा भाग वेगळा. तरीही त्यांमागील विचार स्पष्ट आहे: विषय जितका गंभीर तितकी सभेची पारख कडक. दूरस्थ उपस्थितीचे नियम या पायरीवर रचले गेले पाहिजेत. हिशेब मंजूर करणारी सभा आणि घर रिकामे करावयास लावणारी सभा यांना एकच माप लावून चालणार नाही.

या बाबतीत दोन अनुभव उपयोगी पडावेत. पहिला घरचाच आहे. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्ये कंपन्यांना भागधारकांच्या सभा दृक्श्राव्य माध्यमातून घेण्याची परवानगी दिली. तेव्हा संवाद दुहेरी असला पाहिजे, सभेचे मुद्रण जपून ठेवले पाहिजे, नियोजित वेळेच्या पंधरा मिनिटे आधी दार उघडले पाहिजे अशा अटी घातल्या होत्या. गृहनिर्माण संस्थांना त्या जशाच्या तशा लागू करता येतील, आणि केल्या पाहिजेत. पण एक अंतर आहे. कंपनीचा कारभार न पटलेला भागधारक दुसऱ्या दिवशी सकाळी आपले भाग विकून मोकळा होतो. सदनिकाधारकाला तसे करता येत नाही; त्याचे घर, शेजार, मुलांची शाळा सारे तेथेच असते. म्हणून कंपन्यांना पुरले ते संस्थांना पुरेलच असे नाही.

दुसरा अनुभव कॅलिफोर्नियाचा. तेथे घरमालकांच्या संघटनांना गृहनिर्माण संस्थांसारखेच स्थान आहे. त्या वर्गणी गोळा करतात, नियम करतात, दंडही करतात. १ जानेवारी २०२४ पासून तेथे अमलात आलेल्या तरतुदीने प्रत्यक्ष जागा न ठेवता संपूर्ण सभा दूरस्थ पद्धतीने घेण्यास मान्यता दिली, पण तीही मोकाट नव्हे. सभेच्या सूचनेत सहभागी कसे व्हावे याच्या स्पष्ट सूचना हव्यात. अडचण आली तर मदत करणाऱ्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक व विद्युत्‌-पत्ता त्यात हवा, आणि तो माणूस सभेपूर्वी व सभा चालू असताना उपलब्ध हवा. संचालकांची मते नाव पुकारून घेतली जावीत. सभासदाला प्रत्यक्ष सभेत जितका सहभाग घेता आला असता तितका दूरस्थ सभेतही घेता यावा. आणि ज्याला हवे असेल त्याला साध्या दूरध्वनीवरून सहभागी होता यावे. निवडणुकीच्या मतपत्रिका मोजण्याची सभा मात्र त्या कायद्याने आरंभी या सवलतीतून वगळली होती. मोजणी डोळ्यांदेखत व्हावी, हा त्यामागचा हेतू.

संगणकांच्या उद्योगाचे माहेरघर असलेल्या राज्याने साध्या दूरध्वनीचा आग्रह धरावा, ही गोष्ट मंत्रालयातील मसुदाकारांनी अवश्य ध्यानात घ्यावी. आपल्याकडे ‘आता सर्वांकडेच स्मार्टफोन असतो’ हे वाक्य फार सहज उच्चारले जाते. असतोही. पण तो सुनेचा असतो, किंवा सभेच्या वेळीच त्याची जोडणी तुटते, किंवा सत्तर वर्षांच्या बाईंना त्यावर नातवाशी बोलता येते पण ‘हात वर करा’ हे चिन्ह कोठे असते ते सापडत नाही. झूमच्या निःशुल्क योजनेत सभा चाळीस मिनिटांनी आपोआप संपते, हे तर अनेक संस्थांनी अनुभवले आहे. मागील इतिवृत्त वाचून होते, हिशेबांवर दोघे बोलतात, आणि महत्त्वाच्या विषयाला हात घालताच पडदा काळा होतो. पुन्हा जोडणी होईतो दहा जण गळालेले असतात. त्यांना हजर समजायचे की नाही? गणपूर्ती आरंभी मोजायची की मतदानाच्या क्षणी? उपविधी लिहिणाऱ्यांपुढे हे प्रश्न नव्हते, कारण गच्चीवरून माणूस असा अदृश्य होत नसतो.

म्हणून संपूर्णपणे पडद्यावरील सभेपेक्षा मिश्र सभा श्रेयस्कर. प्रत्यक्ष सभा नेहमीच्या जागी भरावी, अध्यक्ष आणि सचिव तेथे बसलेले असावेत, आणि ज्यांना येणे शक्य नाही त्यांनी दुरून सहभागी व्हावे. अशा सभेत यंत्र न चालविता येणाऱ्याला खुर्ची राहते आणि अंथरुणाला खिळलेल्याला किंवा दुबईत नोकरी करणाऱ्याला आवाज मिळतो. कार्यकारी समित्या यावर खर्चाची आणि दगदगीची सबब सांगतील. एक चांगला ध्वनिक्षेपक, एक मोठा पडदा आणि दोन तासांची सशुल्क जोडणी यांचा खर्च उद्वाहकाच्या वार्षिक दुरुस्तीपुढे नगण्य आहे. सबबीचे खरे कारण बहुधा वेगळे असते. सात-आठ जणांच्या सभेत जे सुखाने संमत होते ते ऐंशी जणांपुढे तितक्या सुखाने होत नाही.

अर्थात दुरून येणाऱ्यांच्या मतांबद्दल तेथे राहणाऱ्यांची तक्रारही ऐकून घ्यावयास हवी. घर गुंतवणूक म्हणून घेतलेला सभासद पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीला नकार देईल आणि पुनर्विकासाला डोळे झाकून होकार देईल, कारण त्याला ना टँकरचे पाणी भरायचे आहे ना सामान हलवायचे आहे. ही भीती खोटी नाही. परंतु कायदा राहणारा सभासद आणि न राहणारा सभासद असा भेद मतदानात करीत नाही, आणि करूही नये; बिनभोगवटा शुल्क घेताना ज्याला सभासद मानले त्याला मतदानाच्या वेळी परका ठरविता येणार नाही. या भीतीवर उतारा एवढाच की त्याने नुसते मत टाकून जाऊ नये, चर्चेला बसावे. सप्टेंबरात मुंबईला सकाळचे दहा वाजतात तेव्हा न्यू जर्सीत मध्यरात्र उलटून गेलेली असते. ज्याला आपल्या घराविषयी मत द्यायचे आहे त्याने एक रात्र जागायला हरकत नसावी. चर्चा संपल्यावर केवळ मतदानापुरता उगवणारा चौकोन मात्र मोजणीत धरू नये.

दूरस्थ उपस्थिती अधिकार म्हणून मिळाली की तहकुबीच्या अर्ध्या तासाचाही फेरविचार करावा लागेल. गणपूर्तीची सवलत दिली गेली ती लोकांना येणे अवघड असते म्हणून. येण्याची अडचणच दूर झाली तर निदान मोठ्या खर्चाच्या आणि संस्थेची मालमत्ता गुंतविणाऱ्या विषयांसाठी तहकूब सभेलाही किमान उपस्थितीची अट घालण्यास प्रत्यवाय नाही. सहाशे घरांच्या संकुलाला वीसांची गणपूर्तीही मग तोकडीच वाटू लागेल.

राहता राहिला मुद्रणाचा प्रश्न. आजवर सभेत काय घडले याचा एकमेव पुरावा म्हणजे सचिवांनी लिहिलेले इतिवृत्त; आणि ते लिहिताना विरोधी मत ‘काही सभासदांनी शंका उपस्थित केल्या, त्यांचे निरसन करण्यात आले’ इतक्या शब्दांत आटोपण्याची प्रथा जुनी आहे. वाद सहकार न्यायालयात गेला की इतिवृत्ताविरुद्ध सभासदाचा शब्द अशी झुंज होते आणि तीत वर्षे जातात. पडद्यावरील सभेचे मुद्रण हा या प्रथेवरील उत्तम इलाज आहे, मात्र ते समितीच्याच कपाटात राहता कामा नये. प्रत कोणालाही मागता यावी, ती किती दिवसांत द्यावी याची मुदत असावी, आणि मुद्रण मध्येच थांबविले असेल तर केव्हा व कोणाच्या सांगण्यावरून याची नोंद इतिवृत्तात व्हावी. कोणाचा आवाज किती वेळा आणि कोणी बंद केला, हेही त्याच मुद्रणावरून उलगडले पाहिजे. थकबाकीदारांची नावे आणि घरगुती भांडणे त्यात येतात, तेव्हा ते सभासदांबाहेर फिरू नये हे ओघानेच आले. शासनाच्या अंतिम नियमांत यातील किती गोष्टी ‘करता येईल’ या शब्दांत असतील आणि किती ‘केले पाहिजे’ या शब्दांत असतील, यावर समित्यांचे वर्तन ठरेल. कारण ‘करता येईल’ या शब्दांचा अर्थ ‘करावयाचे नाही’ असा लावण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.